बोरचं पाणी आणि दुसऱ्याचं नाव

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. दहा-बारा वर्षांच्या जुन्या चारचाकी म्हणजे चालतंफिरतं भंगार, त्या धूर ओकतात, भर रस्त्यात बंद पडतात, सुरक्षित नसतात आणि सरकारने त्या सरसकट उचलून न्याव्यात, असा त्याचा आशय होता. पत्र मी दोनदा वाचलं आणि रात्री उशिरा हे लिहायला बसले. त्या ‘भंगारा’त मी रोज बसते, आणि कधी कधी माझ्या शेजारच्या सीटवर बाळांच्या लसींचा डबा असतो.

मी आरोग्य सेविका आहे. राहते अमळनेरला आणि उपकेंद्राचं गाव २२ किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ४४. बारा वर्षं हा रस्ता स्कूटीवर केला. २०२० च्या पावसाळ्यात खड्डा चुकवताना पडले, मनगट मोडलं, दीड महिना घरी बसले. तेव्हाच घरात ठरलं की आता चारचाकी घ्यायची. नव्या गाडीचा हप्ता आणि मुलीच्या कॉलेजची फी एका पगारातून निघणं शक्य नव्हतं. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिकची, २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी २ लाख ३५ हजारांना घेतली. पांढरी, पाच दारांची. कोणत्याही गल्लीत तशा दोन-तीन उभ्या दिसतील. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नाहीच.

आपल्याकडे छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आत लांबी, आणि पेट्रोलची असेल तर १२०० सीसीपर्यंतचं इंजिन. २००६ च्या अर्थसंकल्पात अशा गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि कंपन्या याच मापात गाड्या बसवायला लागल्या. आज आमच्यासारख्यांच्या दारात दुसऱ्या-तिसऱ्या हाताने येतात त्या बहुतेक याच. सप्टेंबर २०२५ मध्ये याच मापाच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण शिक्षक, नर्स, केळीचा छोटा बागायतदार, कापसाची दोन एकरं असलेला शेतकरी यांच्या घरात पहिली चारचाकी येते ती अजूनही जुनीच येते. बाळंतीण तिच्यातूनच दवाखान्यात जाते आणि म्हाताऱ्या माणसाला डायलिसिसला नेतात तेही तिच्यातूनच.

कायदाही या गाड्यांना भंगार म्हणत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणीत गाडी पास झाली की पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ५ हजार झाली, आणि पर्यावरण कर वेगळा. वयावरून गाडी बंद करण्याची भानगड दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातली. ती आपल्याकडे लागू नाही. माझ्या गाडीची १५ वर्षं २०२८ मध्ये भरतील आणि ती तपासणीत पास व्हावी म्हणून मी आत्तापासून झटते आहे.

पत्रलेखकाने रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या पाहिल्या असतील, यात मला शंका नाही. २०२२ च्या मे महिन्यात त्यात माझीही होती. ती का बंद पडली, ते मात्र मला सविस्तर सांगायचं आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी जळगावला होती. सकाळी दहाला निघालो, तरी ऊन असं की स्टिअरिंगला हात लाववेना. धरणगाव मागे पडलं आणि एसीतून कोमट वारा यायला लागला. मला वाटलं, गॅस संपला असेल. तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं तेव्हा तो लाल रेघेला टेकलेला होता. गाडी बाजूला घेतली तर बॉनेटच्या फटीतून वाफ. सासूबाई पदर डोक्यावर घेऊन बाभळीखाली जाऊन बसल्या. म्हणाल्या, “माले काई व्हत नही, तू गाडीकडे दख.” मी बॉनेट उघडलं, हातात नॅपकिन घेतला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडतच पळत आला, “ताई, झाकण उघडू नका, तोंड भाजेल!” त्याने मला मागे ओढलं म्हणून मी आज हे लिहिते आहे. आत पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. भाजलेल्या माणसांची मलमपट्टी मी हाताने केलेली आहे, तरी हे मला ठाऊक नव्हतं.

अर्ध्या-पाऊण तासाने पाळधीहून मिस्तरी मोटरसायकलवर आला. गाडी निवलेली बघून त्याने फडकं टाकून झाकण अर्धं फिरवलं, थांबला, मग काढलं. आत बोट घातलं आणि मला दाखवलं. बोटाला तांबूस गाळ, चहाच्या चोथ्यासारखा. मग इंजिनात ऑइल टाकतो ते झाकण काढून उलटं केलं. त्याच्या आतल्या बाजूला पिवळट फेस चिकटलेला, घुसळलेल्या ताकावर येतो तसा. त्याला तेवढं पुरे झालं. “ताई, यामा कूलंट नहीच. नुसतं बोरनं पानी शे. हेड गॅस्केट गयं.”

हेड गॅस्केट म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरचा भाग, म्हणजे हेड, यांच्या मधली पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पातळ पट्टी. गाडी टोचन करून जळगावच्या गॅरेजला नेली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेले, कारण हे काय आहे ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. इंजिनाचं हेड काढून फळीवर ठेवलेलं होतं. ज्या वाटांनी पाणी फिरतं त्या वाटांच्या आत पांढरट, खरखरीत थर. मी नखाने खरवडून पाहिला. आमच्या घरी पाणी तापवायच्या रॉडवर जो थर चढतो आणि कुकरच्या तळाला जो बसतो, तोच तो. आपल्याकडच्या बोरच्या पाण्यात क्षार किती असतात हे घराघरात माहीत आहे. रॉडवर थर चढला की पाणी लवकर तापत नाही हेही माहीत आहे. इंजिनात तोच थर बसला की धातूची उष्णता पाण्यात उतरत नाही, एवढाच फरक. वॉटर पंप माझ्या हातात दिला, तर त्याची आतली पाती गंजून कागदासारखी पातळ झालेली, एकीचा अर्धा भाग गळून गेलेला. जिथे थर्मोस्टॅट असायला हवा होता ती जागा रिकामी होती.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा रिवाज आपल्या भागात फार आहे. उन्हाळा कडक, म्हणून हा व्हॉल्व्ह काढला की पाणी मोकळं फिरेल आणि गाडी थंड राहील, अशी समजूत आहे. ती चूक आहे. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देता इंजिन लवकर ठरावीक तापमानाला आणायचं आणि नंतर वाट उघडायची, हे त्याचं काम. तो काढला की हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. आणि ज्या रोगासाठी तो काढला, तो रोग बरा होत नाहीच, कारण रोग गंजलेल्या पंपात आणि तुंबलेल्या रेडिएटरमध्ये असतो.

हेड लेथवर घासून सपाट केलं, नवीन गॅस्केट, पंप, रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट मिळून २३ हजार ४०० रुपये. गाडीत भरायचं कूलंट आणि ते बदलायची मजुरी दोन वर्षांतून एकदा १३०० रुपये पडते. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. ते ग्लायकोल असतं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं. त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो, आणि त्यातली औषधं पंप, हेड, रेडिएटर यांना गंजू देत नाहीत. कोणाला अडचणीच्या वेळी साधं पाणी टाकावं लागलं तर जरूर टाकावं, गाडी जळण्यापेक्षा ते बरं. पण घरी आल्यावर आठवडाभरात ते काढून कूलंट भरावं. आपल्याकडे नेमकं हे दुसरं होत नाही.

या गाडीचे आधीचे मालक, त्यांचे मिस्तरी, मला गाडी विकून देणारा एजंट, कोणीच वाईट माणूस नसेल. प्रत्येकाने “चालतंय ना” म्हणून दुखणं अंगावर काढलं. विकत घेतल्यावर नऊ महिने मीही तेच केलं. पाणी कमी दिसलं की नळाची बाटली ओतली, ते कुठे जातं असा प्रश्न एकदाही स्वतःला विचारला नाही. लसीच्या बाबतीत मी असं कधी वागले असते का? लस दोन ते आठ अंशांतच ठेवायची. लसीच्या बाटलीवर एका गोलात लहानसा चौकोन असतो, उष्णता लागत गेली की तो गडद होतो. तो गोलाच्या रंगाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नाही. दिवसातून दोनदा फ्रीजचं तापमान नोंदवायचं. ही शिस्त माझ्या अंगवळणी पडलेली आहे. आणि ज्या गाडीतून मी लस नेत होते, तिच्या काट्याकडे मी नऊ महिने बघितलं नव्हतं. त्या जळगावच्या फळीसमोर उभं असताना मला याची फार लाज वाटली.

त्या दिवसापासून गाडीची एक नोंदवही केली आहे. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, काय काम, किती पैसे. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडते. कूलंटच्या डब्यातली पातळी, ऑइलची दांडी पुसून पुन्हा बुडवून, ब्रेक ऑइल, बॅटरीच्या टोकांवर पांढरं आलंय का, बेल्टला चिरा आहेत का. सात-आठ मिनिटांचं काम. आमच्याकडे धूळ फार, जिनिंगच्या दिवसांत रस्त्यावर रुईचे पुंजके उडत असतात. म्हणून एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर साफ करते आणि ऑइल दहा हजारांची वाट न बघता सात हजारांना बदलते. आधीच्या नऊ महिन्यांच्या पावत्या शोधून तोही खर्च वहीत चढवला. आजपर्यंत ५६ हजार किलोमीटर झाले. पेट्रोल आणि विमा सोडून सगळा खर्च, त्या २३ हजार ४०० सकट, ९१ हजार २६० रुपये. किलोमीटरला १ रुपया ६३ पैसे. मे २०२२ नंतर ती रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही. पत्रलेखकांनी म्हटलेला धूरही नाही. दर वेळी पीयूसीला ती पहिल्या फटक्यात पास होते.

आता दुसरी गोष्ट, कागदाची. मला वाटतं खान्देशात जुन्या गाडीचं याहून मोठं दुखणं हेच आहे.

गाडी घेतली तेव्हा एजंटने फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जांवर, आधीच्या मालकांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. तारखेच्या जागा कोऱ्या. “कधीही नावावर करा ताई, घाई काही नाही.” मीही केली नाही. चौदा महिन्यांनी नाशिकहून फोन आला. आधीचे मालक, निवृत्त गृहस्थ, अतिशय सभ्य. म्हणाले, “ताई, जळगावला सिग्नल तोडल्याचा दंड माझ्या मोबाइलवर आलाय. दंडाचं मी काही म्हणत नाही, मी भरतो. पण उद्या काही बरंवाईट झालं तर कोर्टाचा कागद माझ्या दारात येईल. माझं वय ७१ आहे.” मला त्यांच्याशी काय बोलावं सुचेना. दंड मी त्याच दिवशी भरला आणि दुसऱ्या दिवसापासून कागदाच्या मागे लागले.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मोटार वाहन कायद्यात, गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की गाडी चार हात फिरलेली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे माझ्या हातून कोणाला धक्का लागला असता, तर नाशिकच्या त्या ७१ वर्षांच्या माणसाला भोगावं लागलं असतं. माझ्या आळसाचं ओझं मी त्यांच्या डोक्यावर चौदा महिने ठेवलं होतं.

कागद काढायला गेले तर पुढे आणखी एक गाठ. गाडीवर बँकेच्या कर्जाची नोंद अजून होती. त्यांनी कर्ज कधीच फेडलं होतं, पण फॉर्म ३५ देऊन ती नोंद कमी करून घेतलेली नव्हती. या गृहस्थांनी स्वतः बँकेत दोन खेपा घातल्या, दाखला मिळवला आणि कुरिअरने मला पाठवला. त्यांना मी आजवर पाहिलेलं नाही. दर दिवाळीला फोन असतो. गाडी कशी आहे, हे ते माझ्या तब्येतीच्या आधी विचारतात.

विम्याचंही असंच. माझ्या भावाने चोपडा तालुक्यात अशीच जुनी गाडी घेतली, कागद नावावर करून घेतले, पण विम्याची पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर तशीच राहिली. कापणीच्या दिवसांत रात्री रानडुक्कर आडवं आलं. बंपर, रेडिएटर, दिवा मिळून १८ हजारांचं काम निघालं, आणि दावा नामंजूर झाला. समोरच्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर पॉलिसी वेगळी नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आणि दावा न केल्याची जी सूट पॉलिसीत असते ती माणसाची असते, गाडीची नाही. ती विकणाऱ्याबरोबर जाते. “पन्नास टक्के बोनस असलेली पॉलिसी आहे” असं सांगून कोणी गाडीची किंमत वाढवत असेल तर त्याला भुलू नये.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद करायची. तिथून ती पुढे विकली जाईपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. किती चांगला नियम आहे! आमच्या नाशिकच्या काकांसारख्यांची झोप यानेच वाचेल. पण माझ्या ओळखीतल्या एकाही घेणाऱ्याने विक्रेत्याकडे हे प्रमाणपत्र मागितलेलं नाही, कारण असं काही असतं हेच कोणाला माहीत नाही.

गाडी घेताना बघायच्या आणखी दोन-तीन गोष्टी, मला महागात पडल्या म्हणून लिहिते. टायरच्या कडेला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. माझ्या गाडीच्या टायरांची नक्षी छान खोल होती म्हणून मी खूष होते. आकडे होते ३६१३. म्हणजे २०१३ चा छत्तिसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर, आतून भेगाळलेलं. आपल्या मे महिन्यातल्या तापलेल्या रस्त्यावर असा टायर केव्हा फुटेल याचा नेम नाही. चारही बदलले. गाडी घेतली तेव्हा मीटरवर ६१ हजार होते. पुढे सीटखालचं मॅट धुवायला काढलं तेव्हा जुन्या सर्व्हिसचा स्टिकर सापडला, त्यावर पुढचं ऑइल ८४ हजारांना बदलायचं लिहिलेलं. म्हणून मीटरच्या आकड्यावर जाऊ नये. पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, चालकाच्या सीटचा दबलेला काठ पाहावा, आणि गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद विचारावी. उंदरांनी वायरी कुरतडल्या त्याचे २७०० गेले. शेताजवळ, धान्याच्या खोलीशेजारी गाडी लावत असाल तर रात्री बॉनेट थोडं वर ठेवावं, आतली ऊब आणि अंधार त्यांना आवडतो.

पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलबद्दल लोक मला विचारतात. माझा भाऊ मका पिकवतो, इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक आलं याचा आम्हाला आनंदच आहे. पण २०१३ ची गाडी वीस टक्क्यांसाठी बनलेली नाही हेही खरं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. माझ्या वहीत ॲव्हरेज १८ वरून १७ वर आलेलं दिसतं. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वॉशर दर सर्व्हिसला वाकवून बघायला सांगते. चीर दिसली की बदलायची. पेट्रोलचा वास आला तर एक दिवसही थांबायचं नाही.

एका बाबतीत त्या पत्रलेखकांशी मी सहमत आहे आणि ते लपवणार नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही. नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. अपघातातली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून मी सत्तरच्या वर जात नाही, महामार्गावर रात्री निघत नाही, आणि मागच्या सीटवर बसलेल्याने, सासूबाईंनीसुद्धा, पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवत नाही. सुरुवातीला त्या चिडायच्या. आता स्वतःच पट्टा ओढून घेतात आणि क्लिक ऐकू आला की “चाल” म्हणतात. ज्याला परवडेल त्याने जरूर नवी, सुरक्षित गाडी घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याला पुन्हा स्कूटीवर बसवून रस्ता सुरक्षित होणार नाही.

संपादक महोदय, माझी मागणी अशी आहे. परिवहन कार्यालयाची शिबिरं तालुक्याच्या ठिकाणी होतात. तिथे लायसन्ससाठी रांग असते. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्याआधीच्या शिबिरांत एक टेबल फक्त जुन्या गाड्यांच्या नावांतरणासाठी ठेवावं. अर्ज आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर भरता येतो हे मला ठाऊक आहे. मी तसाच भरला. पण फॉर्म ३५ राहिलेला, आधीच्या मालकाचा मोबाइल बदललेला, मूळ मालक वारलेला, अशा गाठी संकेतस्थळावर सुटत नाहीत, त्याला समोर माणूस लागतो. उशीर झालेल्यांना “एवढे दिवस काय करत होता” असं न विचारता आधी कागद पुरे करून द्यावेत. भीतीनेच लोक लांब राहतात, हे मी लसीकरणात रोज बघते.

त्याच दिवशी, त्याच आवारात, आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना बसवावं. त्यांनी फक्त गाडी पूर्ण निवल्यावर रेडिएटरचं झाकण उघडायचं, आतलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन मालकाला दाखवायचं, आणि टायरवरचे चार आकडे वाचून दाखवायचे. ग्लासातला तो तांबूस रंग पाहिल्यावर वेगळं समजवायची गरज उरणार नाही. आणि गॅरेजवाल्या भावांना माझी हात जोडून विनंती: गिऱ्हाईक “पाणी टाकून द्या” म्हणालं तरी एकदा त्याला खर्चाचे दोन आकडे सांगा. १३०० आणि २३ हजार ४००.

आपण शिबिरांच्या तारखा पहिल्या पानावर नाही तरी तालुक्याच्या पानावर चौकटीत छापाव्यात. आमच्या उपकेंद्राच्या फळ्यावर लसीकरणाच्या तारखेखाली ती तारीख मी लिहीन, आणि शिबिराला येताना आर.सी., विमा, पीयूसी, आधार आणि दोन्ही फॉर्म आणायचे आहेत हेही लिहीन. गृहभेटीला जाते तेव्हा कोणाच्या अंगणात परजिल्ह्याच्या नंबरची गाडी उभी आहे ते मला दिसतंच. आमच्या गावात अशा अकरा आहेत. त्यातल्या सहा अजून दुसऱ्याच्या नावावर आहेत.

आपली विश्वासू,
एक आरोग्य सेविका, अमळनेर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)